पाच हजारांचं वर्कशॉप

एक गुन्हा कबूल करून सुरुवात करतो. (वर्कशॉपच्या सरांनी हा परिच्छेद वाचू नये, ही नम्र विनंती!) पहिल्या वर्षी फिटिंगचा मेल-फिमेल जॉब मी केलाच नव्हता. होस्टेलमधल्या एका सिनिअरच्या कॉटखाली गंजत पडलेला जॉब घेतला, एमरी पेपरने चकाचक केला, जुना नंबर घासून माझा रोल नंबर पंच केला. वीसपैकी अठरा मार्क!

सुट्टीत तो घरी नेला. माझे बाबा कोल्हापुरात एका कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर होते. कारखाना बंद पडल्यापासून घरीच. त्यांनी जॉब हातात घेतला, खिडकीकडे धरला, फटीतून उजेड येतो का पाहिलं आणि काही न बोलता शोकेसमध्ये ठेवला. आल्यागेल्याला आई कौतुकाने दाखवायची. बाबा मात्र तेव्हा उठून बाहेर जायचे.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मीच विषय काढला. "बाबा, मागच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप करूया. पाच हजार साठलेत."

"पाच हजारात काय येतंय रं?" म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पिशवी घेऊन तेच तयार!

उद्यमनगरात जुना चार इंची व्हाईस बाराशेला मिळाला. मी रंग बघत होतो. बाबांनी जबडे मिटवून फट बघितली, स्क्रू पूर्ण फिरवून आटे तपासले, मग हातोडीने हलकेच वाजवला. बिडाला तडा असेल तर आवाज बद्द येतो. हा टण्णकन वाजला. जुनं ड्रिल मशीन अकराशे, तीन कानशी सहाशे, हातोडी-पंच-गुण्या पाचशे, ड्रिल बिट तीनशे, हॅक्सॉ आणि ब्लेड अडीचशे. जुन्या दाराला अँगलचे पाय लावून टेबल झालं, चारशेत. एकूण चार हजार तीनशे पन्नास. बाबांनी व्हाईस माझ्या कोपराच्या उंचीला बसवला. त्यांच्या नाही, माझ्या.

पहिल्याच आठवड्यात दोन प्रताप केले. दहा एमएमचं बिट सरळ लोखंडात घातलं. धूर निघाला, टोक निळं पडलं. मग आठवलं, एन बरोबर हजार व्ही भागिले पाय डी! माइल्ड स्टीलला व्ही पंचवीस धरला तर स्पीड येतो साधारण 800 आरपीएम, आणि आमचं मशीन 2600 ने पळत होतं. परीक्षेत हे गणित मी बरोबर सोडवलं होतं. दुसरा प्रताप म्हणजे गॉगल न घालता ड्रिलिंग. डोळ्यात कीस गेला. डॉक्टरांनी तो काढला आणि सहाशे घेतले. उरले पन्नास. तेवढ्यात गॉगल येईना, वरचे तीस बाबांनी घातले. मित्रांनो, यादीत गॉगल पहिला लिहा.

मग रोज संध्याकाळी कानस. "रेटू नको. पुढं जाताना दाब, मागं येताना सोड. खडू लाव, कीस अडकत नाही." पाच दिवसांत तळहाताला फोड आले आणि प्लेट मात्र मधोमध फुगीरच! सपाट घासणं किती अवघड असतं, हे सव्वीस वर्षं रोज करणाऱ्या माणसाला मी अठरा मार्कांचा चोरीचा जॉब दाखवला होता.

एकदा घासताघासता बोलून टाकलं, "बाबा, तो शोकेसमधला जॉब माझा नाही."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "हातात घेतला तवाच कळलं. तुझे हात किती मऊ होते."

एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी माझा जॉब पूर्ण झाला. बाबांनी खिडकीकडे धरला. एका कोपऱ्यातून उजेड स्पष्ट येत होता. वीसपैकी अकरा मिळाले असते, फार तर बारा. त्यांनी शोकेस उघडली, जुना काढून माझ्या हातात दिला आणि नवा ठेवला.

आता शेजारपाजारचे लोक बिजागऱ्या, कोयंडे, सायकलचे स्टँड घेऊन बाबांकडे येतात. फोन केला की ते आधी कामांची यादी सांगतात, मग तब्येत.

जुना जॉब माझ्या कॉटखाली आहे. फर्स्ट इयरवाल्यांनो, मागायला येऊ नका. कानस हवी असेल तर या.