पैसे पाण्यात

'पैसे पाण्यात जाणे' या वाक्प्रचाराशी माझा परिचय फार जुना. मराठीचा प्राध्यापक म्हटला की वाक्प्रचार हे त्याचे घरचे धन. (दुसरे धन बेताचेच असल्यामुळे या धनाची किंमत आम्हांला जरा अधिक वाटते, इतकेच!) पण या वाक्प्रचाराचा अगदी शब्दशः अनुभव घेण्याचा योग माझ्या कुंडलीत आहे, असे कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. यंदाच्या गणपतीत तो योग आला. सव्वा लिटर पाण्याची सोय लावण्यासाठी आम्ही बापलेकांनी ५२,००० रुपये खर्च केले. आणि ते पाणीही पिण्याचे नव्हे!

गोष्ट सुरुवातीपासूनच सांगायला हवी.

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी दोन वर्षे पुरी करून इंजिनिअरिंग सोडले. "मला ॲनिमेशन करायचंय," त्याने जेवताना शांतपणे जाहीर केले. मी त्या रात्री पुष्कळ बोललो. मराठीच्या प्राध्यापकाजवळ शब्दांची टंचाई नसते, हा या पेशातला मोठाच धोका आहे. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, "दोन वर्षांची फी पाण्यात गेली. आणि नुसती फीच नव्हे!" त्या 'नुसती फीच नव्हे'चा अर्थ मी उलगडून सांगितला नाही. तशी गरजच पडली नाही. तो ताटावरून उठून गेला.

त्यानंतर आमच्या घरात बापलेकांचा सगळा व्यवहार सौ.मार्फत चालू झाला. "आई, बाबांना सांग, गॅसवाला आलाय." "अगं, त्याला विचार, रात्री जेवायला आहे का." डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या जागेत आम्ही तिघे राहतो. बोलणाऱ्याचे बोलणे ऐकणाऱ्याला भिंतीआडूनही स्वच्छ ऐकू येत असे. तरी ती बिचारी दोन्हीकडचे निरोप इमानाने पोचवीत राहिली. असे वर्ष गेले.

या वर्षभरात चिरंजीवांनी लग्नाच्या चित्रफितींना हलती शीर्षके करून देऊन थोडे पैसे मिळवले. त्यात मामाने भर घातली, आणि बाहेरच्या खोलीत, माझ्या टेबलाशेजारी, त्याने स्वतः जुळवलेला एक भला थोरला कॉम्प्युटर येऊन बसला. रात्री जेवणे झाली की तो त्यावर आपली चित्रे 'रेंडर'ला लावी. म्हणजे चित्रे यंत्राच्या पोटात रात्रभर शिजत राहत. त्या वेळी आतले पंखे असा काही आक्रोश करीत, की जणू कोणी रात्री बारा वाजता मिक्सरवर चटणी वाटायला घेतली आहे! एका बाजूला मी, पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, आणि शेजारी ही चटणी.

मे महिन्यातल्या एका रात्री माझा धीर सुटला. सौ. झोपली होती, निरोप्याची सोय नव्हती. मी सरळ त्यालाच विचारले, "हे एवढं ओरडतं का रे?"

"गरम होतं म्हणून."

"मग थंड ठेव."

"पाण्यानं ठेवता येईल," तो म्हणाला. "पण खर्च आहे."

वर्षभरानंतरचे आमचे हे पहिले संभाषण. विजेच्या यंत्रात पाणी सोडण्याची कल्पना मला वेडेपणाची वाटली, हे खरे. पण ते बोलून दाखवण्याचा मोह मी आवरला. संवादाची गाडी वर्षभर बंद पडलेली असली की पहिल्या वळणावर ब्रेक दाबू नये, एवढे शहाणपण मला त्या वर्षाने दिले होते.

मग तो सांगू लागला. आतले दोन भाग मुख्य तापट: एक प्रोसेसर आणि दुसरे ग्राफिक्स कार्ड. दोघे मिळून कामाच्या भरात साडेचारशे वॅट उष्णता टाकतात. म्हणजे घरातल्या इस्त्रीच्या जवळजवळ निम्मी. ही उष्णता हवेने वाहून न्यायची, तर पंखे जिवाच्या आकांताने फिरवावे लागतात; कारण हवा हा अगदी दुबळा हमाल आहे. एक वाटी पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत सुमारे साडेतीन हजार वाट्या हवा तापते! म्हणून त्या दोन भागांवर तांब्याचे पोकळ ठोकळे बसवायचे, त्यांतून पाणी फिरवायचे, ते मोटारीला असतो तसल्या रेडिएटरमध्ये न्यायचे, आणि तिथे मोठाल्या पंख्यांनी सावकाश निववायचे.

"मग त्यात फ्रीजचंच पाणी घालावं," मी सुचवले.

"नाही बाबा. रेडिएटरमध्ये पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होतच नाही. आणि मुद्दाम गार केलं, तर आपल्या दमट हवेत नळ्यांना बाहेरून पाणी सुटेल. ते थेट सर्किटवर."

"पण माठातलं पाणी तर खोलीपेक्षा थंड असतं!" मला वाटले, सापडला.

"माठ पाझरतो म्हणून. पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. आपल्याला थेंबभरही पाझरलेलं चालायचं नाही."

इंजिनिअरिंग सोडलेल्या मुलाने मला, एम. ए. झालेल्या माणसाला, माझ्याच स्वयंपाकघरातला माठ समजावून सांगितला! दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर थोडे वाचले. पाण्याची ही युक्ती काही आजची नव्हे. १९६० नंतरच्या दशकातल्या अवाढव्य संगणकांतही ती होती. १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकाचे भाग तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवात चक्क बुडवून ठेवलेले असत. आणि २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत बसवलेल्या 'परम ब्रह्म'ला थंड राखायलाही पाणीच आहे. परम ब्रह्माला जे चालते, ते आमच्या डोंबिवलीला चालायला काय हरकत? मी तिजोरी उघडली. म्हणजे पेपर तपासणीच्या पैशांतले २२,००० रुपये देऊ केले. ३०,००० त्याचे.

यानंतरचे दोन महिने आमच्या घरात वधुसंशोधनाला शोभेल अशी सामानाची निवड चालली होती.

पहिला प्रश्न रेडिएटरचा. यात सोयीचा हिशेब असा, की प्रत्येक तापट भागामागे १२० मिलिमीटर पंख्याएवढी जागा धरावी आणि वर थोडी सैल सोडावी. आवाज कमी हवा असेल तर आणखी सैल. म्हणून आम्ही ३६० चा एक आणि २४० चा एक असे दोन ठरवले. मला ४५ मिलिमीटर जाडीचा भरभक्कम आवडला होता. चिरंजीवांनी माझीच फूटपट्टी उचलून पेटीचे माप घेतले. पंख्याची जाडी २५. म्हणजे बेरीज ७०. वरच्या बाजूला जागा ६०. नाइलाजाने ३० ची जाडी. शिवाय जाळी विरळ हवी. दाट जाळीतून हवा ढकलायला पंखे जोरात फिरवावे लागतात, आणि आमच्या रस्त्यावरची धूळ तिच्यात महिनाभरात घर करते.

पंपाच्या बाबतीत दोन स्थळे होती. एक लहान चणीचा, जोर जास्त, पण स्वतःच तापणारा आणि गुणगुणणारा. दुसरा अंगाने मोठा, पण शांत. उत्तरपत्रिकांच्या शेजारी कोणता बसवायचा, याला चर्चा लागली नाही. या पंपाला कोरडे फिरवून मात्र चालत नाही. त्यातून वाहणारे पाणी हेच त्याचे वंगण. म्हणून पाण्याची टाकी त्याच्या डोक्यावरच बसवावी लागते. ग्राफिक्स कार्डाचा ठोकळा तर शिंप्याने मापाने बेतलेल्या कोटासारखा: ज्या कार्डाचा, त्यालाच तो बसणार. त्यासाठी कार्डावरचा बारीक अक्षरांतला नंबर मी भिंगाने वाचून दिला. संशोधनात माझा एवढाच प्रत्यक्ष वाटा!

नळ्यांवरून मात्र मला धक्का बसला. काचेसारख्या पारदर्शक, कडक नळ्या असतात; त्या तापवून हव्या तशा वाकवतात; आत रंगीत पाणी खेळते. चित्रांत पाहूनच मी मोहून गेलो. मला वाटले, हे पोर असल्याच भपक्यावर भाळणार. तो म्हणाला, "रंगाचा गाळ बसतो बाबा. ठोकळ्यातल्या केसाएवढ्या खाचा बुजतात. आणि कडक नळीचा सांधा थोडा चुकला, तर सुटतो." त्याने काळ्या रबराच्या, जाड, अगदीच अनाकर्षक नळ्या निवडल्या, आतून १० मिलिमीटर, बाहेरून १६. त्याच मापाचे दहा जोड. पाणी साधे, ऊर्ध्वपातित. त्यात गंज आणि शेवाळ धरू नये म्हणून थोडे औषध. हा मुलगा हौशी नव्हता. चांगला हिशेबी होता. वीस वर्षे त्याच्याबरोबर राहूनही ही बातमी मला नळ्यांच्या निमित्ताने लागली.

रविवार धरून आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला जाऊन सामान पाहून आलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरेपर्यंत तो मला दाब, प्रवाह आणि सांधे यांविषयी सांगत होता. मी निम्मे समजत होतो आणि पुरे ऐकत होतो.

आणि इथेच मी घोटाळा केला.

पुढच्या आठवड्यात एका चर्चासत्रासाठी मी मुंबईला गेलो होतो. येताना वाट वाकडी केली. एका दुकानदाराने ३६० चाच एक रेडिएटर दाखवला. "प्रोफेसरसाहेब, काम तेच, किंमत निम्मी!" निम्मी किंमत ऐकल्यावर ज्याचा हात खिशाकडे जात नाही, तो मध्यमवर्गीय नव्हे. घरी येऊन विजयी मुद्रेने मी खोके त्याच्यापुढे ठेवले.

त्याने खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग माझ्याच एका पाठकोऱ्या कागदावर त्याने चित्र काढले. ठोकळे तांब्याचे, हा रेडिएटर ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एका पाण्यात आले, की त्यांची बॅटरी होते. १८०० साली व्होल्टाने तांबे आणि जस्त यांच्या चकत्यांची चळत रचली, तेच तत्त्व. पाणी कितीही शुद्ध घातले, तरी धातूंच्या सहवासात ते वीज वाहून नेऊ लागते. मग ॲल्युमिनियम आतल्या आत झिजत जाते. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस भोक पडते.

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. 'पैसे पाण्यात गेले' असे म्हणायला याहून सोयीची संधी त्याला जन्मात मिळाली नसती. वाक्प्रचार त्याला ठाऊक होता. वर्षापूर्वी मीच तो त्याला सोदाहरण शिकवला होता. माझे कान त्यासाठी तयारही झाले होते.

तो म्हणाला, "बिल आहे ना? बदलून आणू."

दुकानदाराने ५०० रुपये कापून तांब्याचा दिला. त्या पाचशे रुपयांचे मला काही वाटले नाही. त्या रात्री झोप मात्र लागली नाही.

गणपतीच्या सुटीत जोडणी झाली. आधी सगळ्या नळ्यांत हवा भरून दाबाचा काटा अर्धा तास जागचा हलत नाही, हे पाहिले. मग पाणी भरले. अशा वेळी बाकीच्या भागांची वीज तोडून नुसता पंप चालू ठेवतात, आणि प्रत्येक सांध्याखाली कागद ठेवून रात्र काढतात. कागद ओला झाला, की गळती कुठे ते कळते. चिरंजीव जमिनीवर मांडी घालून बसले. मीही चटई ओढून बसलो. आतून सौ. म्हणाली, "अहो, तुमचं काय काम तिथं?" खरोखरच काही नव्हते.

दोनच्या सुमाराला मी म्हणालो, "गेल्या वर्षी मी जे बोललो ना... फी पाण्यात गेली आणि नुसती फीच नव्हे... ते बोलायला नको होतं. चुकलं माझं."

एवढी चार वाक्ये, पण ती जुळवायला मला सव्वा वर्ष लागले होते.

तो बराच वेळ टाकीतल्या पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, पंपाखालचा कागद बघता? तुमचा हात पोचतो."

मी हात घालून पाहिला. "कोरडा आहे."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, मान न वळवता, "चहा टाकू?"

सकाळपर्यंत सगळे कागद कोरडे होते. त्या यंत्रातून थेंबभरही पाणी पाझरले नाही. रात्री पाझरलो असेन, तर मीच. आणि माठाचे तत्त्व आता मला समजलेले असल्यामुळे त्याची लाज वाटत नाही.

आता यंत्र रात्रभर चालते आणि त्याचा आवाज मला येत नाही. कामाच्या भरातही पाणी खोलीपेक्षा आठदहा अंशच वर जाते. घर तापलेले असेल तेवढे पाणीही तापते. त्याला इलाज नाही, असे चिरंजीव सांगतात. शेजारी बसून मी उत्तरपत्रिका तपासतो. परवाच एका विद्यार्थ्याने लिहिले होते: 'पैसे पाण्यात जाणे — चांगल्या कामी लागणे.' तांबडी पेन्सिल फुलीसाठी उचलली, आणि मग त्याला अर्धा गुण देऊन टाकला.