बसलेल्या डोळ्यांची उंची

दालनात चित्र लावणारा माणूस उभा असतो. चित्राचा मध्य तो जमिनीपासून साधारण पाच फुटांवर धरतो. व्हीलचेअरवर माझे डोळे चार फुटांच्या आसपास. एवढ्या फरकानं काचेवर वरच्या दिव्याचा पांढरा डाग उतरतो आणि नेमका चेहराच त्यात बुडतो. रांजणगावाहून नगर रस्त्यानं पुण्यापर्यंत यायचं, गाडीत चढवायला-उतरवायला कुणाचे तरी हात मागायचे, आणि शेवटी दिवा बघून परतायचं? याचं मला फार वाईट वाटतं.

केळकर संग्रहालयाचा विचार मात्र मी वेगळा करते. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं जपलेला आणि १९७५ साली राज्य सरकारला दिलेला हा संग्रह. अडकित्ते, दिवे, अंग घासायच्या वज्री. घडवणाऱ्यानं या वस्तू बसलेल्या माणसासाठीच घडवल्या! अडकित्त्याची नक्षी मांडीजवळून बघायची. लघुचित्रंही मुळात बसून, हातात धरून बघायची. भिंतीवर ती नंतर गेली. म्हणजे माझी उंची या कलेला परकी नाही, ती तिची मूळ उंची आहे.

रॅम्पच्या उताराचं गणित तर सगळ्यांना ठाऊक आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. २०१६चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. पण रॅम्प मला दारातून आत नेतो, चित्रापर्यंत नाही. चित्रं अर्धा फूट खाली घ्या, दिव्यांचा कोन बदला, माहितीच्या पाट्या तिरक्या लावा. शाळेतली पोरंही तेव्हा टाचा न उंचावता बघतील.