घरचं जेवण कुणाच्या घामावर?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या युवा शिबिरात एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. दुपारच्या सुट्टीत आम्ही पोरं कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव आणि चायनीज भेळ खाऊन परतलो होतो. काका म्हणाले, "तुमच्या पिढीची जीभ बिघडली आहे. आणि खरं सांगायचं तर आजकालच्या मुलींना स्वयंपाकच नको झालाय. चूल थंड पडली की घर मोडतं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. तेव्हा मागच्या रांगेतून नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची एक कार्यकर्ती उठली आणि तिनं शांतपणे विचारलं, "काका, आज सकाळी तुमची भाकरी कुणी थापली? आणि आत्ता आपल्या शिबिराचा चहा कोण करतंय?"

चहा आतल्या खोलीत आमच्या तीन बहिणी करत होत्या. स्त्रियांच्या हक्कांवरचं सकाळचं सत्र त्यांना त्यामुळे ऐकताच आलं नव्हतं.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेलेला नाही. लोक घरी शिजवायचं सोडून बाहेरचं का खातात? आळस, जिभेचे चोचले, जाहिरातींचा मारा ही उत्तरं ऐकून कान किटले आहेत. ती सगळी खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. म्हणून आम्ही आमच्याच आयुष्यात उत्तर शोधलं.

हे लिहिणारे आम्ही चौघं स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात गेलो होतो. पहिल्या घरमालकांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, आणि मग सांगितलं, "आम्ही फक्त शाकाहारी मुलांना जागा देतो." आम्ही काय खातो हे त्यांनी विचारलंच नव्हतं. आडनावावरूनच त्यांना ते कळलं होतं. शेवटी कॉट बेसिसवर जागा मिळाली. दहा बाय दहाची खोली, चार कॉट, आणि पहिली अट अशी की गॅस, शेगडी काही चालणार नाही. म्हणजे ज्यांना आम्ही 'घरी शिजवत नाहीत' म्हणून नावं ठेवतो, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना शिजवायची मुभाच नसते. मेस रात्री नऊला बंद व्हायची, अभ्यासिका दहाला सुटायची. दहा वाजता उघडी असायची ती भुर्जी-पावची गाडी.

पैशांचं गणितही मांडू. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी भोजन भत्ता ठरला तो वर्षाला ३२ हजार रुपये. ३६५ दिवसांनी भागलं तर दिवसाला ८८ रुपयेही पडत नाहीत. सकाळचा चहा-नाष्टा आणि दोन वेळचं जेवण एवढ्यात बसवायचं. अशा वेळी वडापाव ही चैन उरत नाही, तो हिशेब असतो. गरिबाला स्वस्तात, उभ्या उभ्या, पोट भरल्यासारखं वाटेल असं जे मिळतं ते तो खातो.

पण पैसा आणि वेळ एवढंच कारण नाही. आपल्या समाजासाठी बाहेरच्या खाण्याला आणखी एक अर्थ आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. एका राजाला अस्पृश्यतेवर घाव घालायला चहाचं हॉटेल का निवडावंसं वाटलं? कारण 'घर' ही जातीची सगळ्यात मजबूत तटबंदी आहे आणि स्वयंपाकघर तिचा गाभारा. म्हणूनच भारतीय संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांतला प्रवेश जातीच्या कारणावरून रोखता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्यांना कपबशी वेगळी ठेवली जायची, त्यांच्या नातवंडांनी गाडीवर सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून खाणं ही छोटी गोष्ट नाही. भुर्जीवाल्या भाऊंनी आम्हाला कधी आडनाव विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तिखट किती?"

याउलट 'घरचं, सात्त्विक, सोवळ्यातलं' हे शब्द काय काय पोटात घेऊन येतात ते बघा. २०१७ साली पुण्यातच एका उच्चपदस्थ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंविरुद्ध, जात लपवून सोवळं मोडलं म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती. त्या बाईंचं जेवण बिघडलं नव्हतं, मीठही कमी पडलं नव्हतं. बिघडली होती ती जात.

आणि आमचं घरचं जेवण? शाळेत डबा उघडायची वेळ आली की आम्ही पाठ फिरवून बसायचो. घरी चान्या शिजल्या असतील, वजडी असेल, तर डबाच न्यायचा नाही. दोन रुपयांचं कुरकुरीत पाकीट घ्यायचं, म्हणजे कुणी नाक मुरडायचं नाही. पाकिटाला जात नसते. आमच्या जिभेला बाहेरची चटक लागली ती अशी, लाजेतून. ज्या अन्नानं आमच्या आज्यांनी दुष्काळात घरं जगवली, ते अन्न पाककृतींच्या पुस्तकांत नव्हतं, टीव्हीवर नव्हतं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं तेव्हा मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटातल्या पदार्थांची पुस्तकात सन्मानानं नोंद झाली. त्यातच मार्च २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि गरिबाच्या ताटातलं स्वस्त, सकस अन्न आणखी आटलं. ती जागा मैद्यानं आणि तळणीच्या तेलानं घेतली.

म्हणून आम्ही गाडीवरच्या खाण्याचे गोडवे गाणार का? नाही. आमच्यातला एक जण फौजदाराची मुख्य परीक्षा पास झाला होता. मैदानी चाचणीच्या महिनाभर आधी त्याला कावीळ झाली. कुठल्या पाण्यानं, कुठल्या चटणीनं झाली कुणास ठाऊक. पण त्याआधीचे कित्येक महिने त्याच्या पोटात धड जेवण गेलं नव्हतं. धावताना तो मैदानातच बसला. त्याचं वर्ष गेलं, आणि घरच्यांनी उसनवारी करून जमवलेले पैसेही गेले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विच्छेदन' या लेखात बजावून ठेवलंय की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही. गाडीवर शेजारी उभा राहून खाणारा मित्र खोली देताना आडनाव विचारतोच. तेव्हा गाडीनं आपल्याला दोन घटकांची मोकळीक दिली, मुक्ती दिली नाही. आणि त्या मोकळिकीची किंमत आपण शरीरानं मोजतो आहोत.

कावीळ झालेल्या मित्राला भेटायला त्याची आई आली. शेतमजुरी करणारी बाई, दिवसाची मजुरी बुडवून आलेली. म्हणाली, "माझंच चुकलं. मी इथं असते तर दोन भाकरी तरी करून घातल्या असत्या." आम्ही चौघं मान खाली घालून बसलो. पोरगं शहरात उपाशी राहिलं यात त्या माउलीची काय चूक? पण तिला लहानपणापासून हेच शिकवलंय की घरातलं कुणीही उपाशी राहिलं की दोष बाईचा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसातले सरासरी २९९ मिनिटं घरच्या बिनपगारी कामात जातात, पुरुषाची ९७. जवळजवळ पाच तास! आणि ज्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथं सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाणारी कोण असते हे आपण आपल्या घरात रोज बघतो. 'चूल थंड पडली की घर मोडतं' म्हणणाऱ्यांनी त्या चुलीसमोर कोण जळतंय हे आधी सांगावं. दिवसभर मजुरी किंवा नोकरी करून आलेली आमची बहीण एखाद्या संध्याकाळी "आज पार्सल आणू" म्हणते, तेव्हा ती आळशी नसते. ती पाच तासांतला एक तास परत मागत असते.

मग मार्ग काय? बायकांना पुन्हा चुलीकडे हाकलणं हा मार्ग मनुस्मृतीचा आहे, आपला नाही. आपला मार्ग सार्वजनिक स्वयंपाकघराचा आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं. वसतिगृह म्हणजे नुसतं छप्पर नव्हे. पोरानं पोटाची चिंता न करता पुस्तक उघडावं, याची ती सोय असते. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी १० रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली, म्हणजे सरकारनं मनावर घेतलं तर चपाती, भाजी, वरण, भात स्वस्तात देता येतो. मग प्रत्येक अभ्यासिकेजवळ, प्रत्येक कामगार नाक्यावर रात्री उशिरापर्यंत चालणारं, बचत गटाच्या बायांना पुरेसा पगार देणारं जेवणघर का नको? भोजन भत्ता महागाईप्रमाणे वाढावा आणि दर महिन्याला वेळेवर हातात पडावा, ही मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात का नको?

मागण्या सरकारकडे आहेत, तशा स्वतःकडेही आहेत. त्या कार्यकर्तीच्या प्रश्नानंतर आम्ही पुढच्या शिबिरात एक नियम केला: चहा आणि जेवण पोरांनी करायचं. पहिल्या दिवशी आमचं पिठलं खाली लागलं आणि भाकरी काठाला फाटल्या. काकाही बाह्या सरसावून कांदा चिरायला बसले, डोळे पुसत म्हणाले, "पन्नास वर्षं चळवळीत आहे, परातीला आज हात लागला." बाहेर सभागृहात आमच्या बहिणी पहिल्या रांगेत बसून सत्र ऐकत होत्या, प्रश्न विचारत होत्या.

फाटलेल्या भाकरी सगळ्यांनी खाल्ल्या. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या गाडीकडे कुणी गेलं नाही.

मित्रांनो, पुढच्या वेळी कुणाला 'बाहेरचं खाऊ नको' असं सांगण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, की घरचं करून घालायला आपण स्वतः पीठ मळणार आहोत का?

जय भीम!