लिंबू पुरत नाही का यांना?

सागानाकी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो जपानी वाटला होता. निघाला ग्रीक! सागानी म्हणजे दोन कानांचा छोटा तवा, आणि सागानाकी हे त्याचे लाडके रूप. म्हणजे पदार्थाला नाव भांड्याचे. आपल्या थालीपिठाचेही तेच नाही का? जन्मभर मराठी शिकवल्याने असे काही सापडले की माझे अर्धे पोट तिथेच भरते. असो.

करायला अगदी सोपे. केफालोतिरी नावाचे कडक, खारट चीज घ्यायचे (केफाली म्हणजे डोके, तिरी म्हणजे चीज). मेंढीच्या नाहीतर शेळीच्या दुधाचे, निदान तीन महिने मुरलेले. त्याची बोटभर जाड वडी पाण्यात बुडवून पिठात घोळवायची आणि तापलेल्या ऑलिव्ह तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस करायची. वरून लिंबू. झाले! ग्राव्हिएराही चालते. टेबलावर ब्रँडी ओतून पेटवायचे आणि ‘ओपा’ म्हणून ओरडायचे, हा तमाशा मात्र अमेरिकेतला. त्याचे श्रेय शिकागोत १९६८ साली उघडलेल्या ‘पार्थेनॉन’ या हॉटेलाला देतात. ते २०१६ मध्ये बंद झाले, जाळ मात्र अजून चालू आहे.

२०१८ साली आम्ही दोघे मुलाकडे अथेन्सला गेलो होतो. तिथल्या एका तावेर्नात, म्हणजे खानावळीत, हे चुरचुरत समोर आले. आमची ही माळकरी. मी नाही. तिने काटा उचलला, तेव्हा मी म्हटले, “खाण्याआधी सांगतो. दूध घट्ट करायला जे रेनेट घालतात ते जुन्या पद्धतीत दूधपित्या कोकराच्या जठरातून काढतात. हल्ली दुसरेही मिळते, पण इथे कुठले घातले आहे ते कोण सांगणार?”

तिने काटा खाली ठेवला. “दूध नासवायला लिंबू पुरत नाही का यांना? समोरच तर ठेवलंय.”

प्रश्न रास्त होता. पण लिंबाने फाडलेले दूध म्हणजे आपले पनीर, ते चार दिवसांत संपवावे लागते. रेनेटने दूध लवचिक, एकजीव बांधले जाते, पाणी निथळते, मीठ आत मुरते आणि चीज महिनोन्‌महिने टिकते. मेंढ्या काही बारा महिने दूध देत नाहीत. डोंगरातल्या धनगराला आटलेल्या दिवसांची बेगमी याच चीजमध्ये करावी लागे. त्यात ईस्टरला घरोघर कोकरू कापायची रीत. कोकरू गेले की त्याच्या वाटचे दूध उरते, आणि ते बांधायला रेनेटही त्याच्याच पोटातून मिळते. काहीही वाया जात नाही.

हे सगळे मी तिला जरा कौतुकानेच सांगितले. मास्तरकीची सवय, दुसरे काय!

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आईचं दूध, आणि ते बांधायला लेकराचं पोट.”

आणि तिने होर्ताची बशी पुढे ओढली. होर्ता म्हणजे उकडलेला रानपाला, वर तेल आणि लिंबू. तो तिने पावाबरोबर पोटभर खाल्ला. सागानाकी मी एकट्याने संपवले. बोलण्यात ते गार झाले होते, आणि गार झाले की ते वातड लागते.