एक मिलिमीटरची फट

कार्डशीट, फेव्हिकॉल आणि फूटपट्टी एवढ्यावर आपलं एसएलव्ही-३ घरी बनतं! खरं रॉकेट २२ मीटर उंच. माझा आराखडा १:५० प्रमाणाचा, म्हणून मॉडेल ४४ सेंटिमीटर. नळीसाठी कागद आधी पेन्सिलीवर गुंडाळून नरम करा, नाहीतर तो मोडतो.

खरी गंमत जोडांची. दोन टप्प्यांमध्ये मिलिमीटरभर फट दिसली, तर ताई म्हणाली, “कुणाला दिसणारेय?” पण पन्नासने गुणा की! खऱ्या रॉकेटवर ती पाच सेंटिमीटर होईल. तिथे तर बारीकसारीक गोष्टीच नडतात. १० ऑगस्ट १९७९चं पहिलं उड्डाण फसलं, ते झडपेतून झालेल्या गळतीमुळे. पुढे १८ जुलै १९८०ला याच रॉकेटने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत सोडला.

डिंक ओला होता. जोड सोडवला, कड पॉलिश पेपरने घासली, पुन्हा बसवला. आता ताईच पट्टी लावून बघतेय.