मे महिन्याचे पाणी

सभा म्हटली की चहा, ठराव आणि आभारप्रदर्शन ह्या तीन गोष्टी ओघानेच येतात. त्यांपैकी चहा सर्वांना आठवतो, ठराव चिटणिसांच्या वहीत राहतो, आणि आभार कोणी मानले हे दुसऱ्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाची जी सभा गेल्या पावसाळ्याच्या आरंभी शाळेचा परिसर आणि गावचे उत्सव ह्या विषयांवर भरली, तिची हकीकत मात्र विद्यार्थ्यांच्या ह्या वार्षिकात नोंदवून ठेवावी असे आम्हा पालकांना वाटते. कारण त्या सभेत चहा निवून गेला, ठराव तीनदा खोडला गेला, आणि आभार मानावयाचे राहूनच गेले.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आमच्या ठिकाणाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. जामसांवली हे सौंसर तालुक्यातील गाव. पिंपळाखाली निद्रिस्त असलेल्या हनुमंतामुळे त्याची कीर्ती नागपूर-छिंदवाड्यापर्यंत पसरलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती, त्यानंतर ती भोपाळ झाली. आणि ५ ऑक्टोबर २०२३ पासून छिंदवाड्याऐवजी पांढुर्णा हा आमचा जिल्हा झाला. राजधानी बदलली, जिल्हा बदलला, पण घरातली भाषा बदलली नाही. शाळेकडे येणारे परिपत्रक हिंदीत असते, ते सभेत मोठ्याने वाचले जाते, त्याचा अर्थ मराठीत लावला जातो आणि त्यावरचा वाद थेट वऱ्हाडी वळणाने रंगतो. आमच्या मते ह्या तीन पायऱ्यांमुळेच परिपत्रके आमच्याकडे इतरांपेक्षा जरा अधिक समजून घेतली जातात.

एक काळ असा होता की पालकाला शाळेत बोलावणे आले म्हणजे मुलाने काही तरी प्रताप केला, एवढेच घरात समजले जाई. बाप टोपी सावरीत यायचा, मान खाली घालून ऐकायचा आणि निघून जायचा. पालक आणि शिक्षक ह्यांनी एकत्र बसून विचार करावा ही कल्पना तशी सव्वाशे वर्षांपेक्षाही जुनी आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी १८९७ साली मातांची एक मोठी परिषद भरली, आणि तिच्यातूनच पुढे तिकडचा पालक-शिक्षक संघ वाढला. आमच्या राज्यात २००२ च्या जनशिक्षण अधिनियमाने पालक शिक्षक संघाला कायद्यात जागा दिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर आठवीपर्यंतच्या सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असावेत आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. कायद्याने खुर्ची मिळते. त्या खुर्चीवर बसून बोलावयाचे काय, हे मात्र ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

सभेची वेळ ठरविण्यातच पहिला आठवडा गेला. शनिवार आणि मंगळवार हे देवस्थानात गर्दीचे दिवस. आमच्यातले कित्येक पालक त्या दिवशी नारळ-फुलांच्या दुकानांवर असतात. पोळ्यानंतर ठेवू म्हटले, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो आणि त्याच दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड व झेंडा रोवून गोटमार होते. दरवर्षी तीत माणसे जखमी होतात, आणि तरी दरवर्षी माणसे जातात. शेवटी पेरणी आटोपून निंदण सुरू होण्यापूर्वीचा एक रविवार मुक्रर झाला.

शिक्षकांनी योजनेचा मसुदा तयार करून आणला होता. तो व्यवस्थित होता, ह्यात शंका नाही. त्यात प्रारंभी वनमहोत्सवाचा उल्लेख होता. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्नमंत्री असताना १९५० साली हा उत्सव त्यांनी सुरू केला, आणि तेव्हापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशभर रोपे लावली जातात. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांतून शिकविला जावा असा आदेश दिला, आणि नव्या शतकाच्या आरंभी शाळोशाळी हरित पथके निघाली, हेही त्यात होते. अखेरीस आमच्या शाळेच्या कुंपणालगत ४० रोपे लावण्याचा संकल्प होता. मसुदा वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरून एक संत्राबागाईतदार उठले. आमच्या भागात ह्या मंडळींना झाडांविषयी बोलावयास कोणाचे परिपत्रक लागत नाही. त्यांनी विचारले, "रोपं जुलैत लावता, ते बरं. मे महिन्यात पानी कोन देईन?"

वर्गात क्षणभर शांतता पसरली. मे महिन्याच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत शाळेला कुलूप असते. गुरुजी आपापल्या गावी जातात, मुले मामाकडे जातात. रोप मात्र कुठेही जाऊ शकत नाही. कोणी तरी म्हणाले, बागेतल्या झाडांचेही पाणी तुम्ही उन्हाळ्यात तोडताच की. ते खरेच आहे. मृगाचा बहार घ्यावयाचा असेल तर उन्हाळ्यात संत्र्याच्या बागेचे पाणी बंद करून झाडाला ताण देतात. मग पहिल्या पावसाबरोबर ते फुलांनी भरून येते. पण ह्यावर त्या बागाईतदारांनी जे उत्तर दिले ते आम्ही वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले आहे. "मोठ्या झाडाले तान सोसते, गुरुजी. लेकराले नाही सोसत."

ह्यानंतर फळ्यावर हिशेब मांडण्यात आला, आणि तो आमच्यापैकी अनेकांना नवलाचा वाटला. प्रत्येक रोपाला एका वेळी एक कळशी, म्हणजे सुमारे १० लिटर पाणी. आठवड्यातून दोन वेळा म्हटले तर ४० रोपांना आठवड्याला ८०० लिटर. सुट्टीचे आठवडे सहा धरले तर एकूण ४,८०० लिटर. ट्रॅक्टरला जोडून गावात येतो तसा एखादा मोठा टँकर, बस! एवढेसे पाणी. एक पालक लगेच म्हणाले, "मग टँकर मी देतो, वाद मिटला." पण वाद मिटला नाही. टँकर एका दिवशी येतो आणि रोपाला तहान बारा वेळा लागते. अडचण पाण्याची नव्हती. बारा दिवस, दर दिवशी चार-पाच माणसे, आणि त्यांनी न विसरता येणे, ही अडचण होती. रोपाशेजारी मडके पुरून, त्याच्या बुडाच्या भोकात सुताची वात घालून पाणी मुळाशी झिरपू द्यावे, ही जुनी युक्ती एका गुरुजींनी सुचविली. तिने खेपा कमी होतात. त्या नाहीशा होत नाहीत. मडके भरावयास कोणी तरी यावेच लागते.

झाडे कोणती लावावीत ह्यावर जो वाद झाला तो आम्ही थोडक्यात सांगतो, कारण प्रत्यक्षात तो फारच लांबला. गुलमोहराची शिफारस झाली, पण तो मादागास्करचा पाहुणा आहे आणि त्याच्या फांद्या वाऱ्यात मोडतात, म्हणून तो मागे पडला. कडुनिंबावर एकमत होत आले, तोच शेळ्यांची आठवण निघाली. कडुनिंबाचा पाला शेळीला किती प्रिय आहे हे शेळ्या असलेल्यांनीच सांगितले, हे विशेष. अखेर कडुनिंब, करंज, जांभूळ, चिंच आणि आवळा अशी मिसळ ठरली, आणि प्रत्येक आळ्याभोवती बोरी-बाभळीच्या काट्या लावण्याचे काम शेळ्या असलेल्या घरांकडेच सोपविण्यात आले. ही सूचना ज्याची असेल त्याला आमचा नमस्कार.

पाळ्या लावण्याची वेळ आली तेव्हा सभेचा सूर पालटला. मसुद्यात सोयीसाठी लिहिले होते की गावातच राहणाऱ्या नववीच्या विद्यार्थिनींनी सुट्टीत पाणी घालावे, कारण मुली नियमित असतात. हे वाक्य वाचले जाताच एक माताजी उभ्या राहिल्या. त्या सभेत पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पोरी घरी पानी भरतातच, शाळेतबी त्याइनंच भरावं काय?" मग त्यांनी उन्हाळ्यातल्या आपल्या मुलीच्या दिवसाचा हिशेब सांगितला. सकाळी किती खेपा, संध्याकाळी किती खेपा, मधल्या वेळात धाकट्या भावाला सांभाळणे, आणि दहावीची पुस्तके उघडावयाची ती रात्री. त्या रागावल्या नव्हत्या. त्या मोजून सांगत होत्या, आणि फळ्यावरच्या हिशेबापेक्षा हा हिशेब आम्हांला जड गेला.

एका पालकाने ह्यावर दुसरे टोक गाठले. मुले शाळेत शिकावयास पाठवितो, कळशा वाहण्यास नव्हे; झाडे लावावयाची तर नोकर ठेवा, असे त्यांचे म्हणणे पडले. हा प्रश्न आमच्या मुलुखाला नवा नाही. येथून फार दूर नसलेल्या वर्ध्याला १९३७ साली जी शिक्षण परिषद भरली, तिने हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असे ठरविले होते, आणि सेवाग्रामच्या शाळेत मुले सूत कातीत, भाजी पिकवीत आणि अंगण झाडीत. आमचे मत असे पडले की, काम मुलांना कमीपणा आणीत नाही. ते काम एकाच बाजूच्या मुलांच्या डोक्यावर गेले म्हणजे मात्र अन्याय होतो. म्हणून मसुद्यातले ते वाक्य खोडण्यात आले. पाळी मुलाची किंवा मुलीची न धरता घराची धरावी, घरातून बाप येवो, थोरला भाऊ येवो किंवा आजोबा येवोत. मात्र एकट्या मुलाला विहिरीवर पाठवू नये, असे त्याजागी लिहिले गेले. माताजींनी ते पुन्हा एकदा वाचावयास लावले आणि मगच त्या खाली बसल्या.

दुसरा विषय चैत्र पौर्णिमेचा. हनुमान जयंतीला आमच्या गावात यात्रेकरूंची रीघ लागते. २०२३ साली येथे हनुमान लोकाचे भूमिपूजन झाले, तेव्हापासून गाव आणखी गजबजेल असे सगळेच म्हणतात. हनुमंताच्या नाभीशी पाझरणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून भक्तिभावाने घेतात. आणि तेच आपण, हात धुवून, द्रोण-पेले नदीकाठी टाकून घरी जातो. जाम नदी पुढे कन्हानला मिळते, आणि कन्हानचे पाणी शुद्ध करून नागपूरकर पितात. आपल्या यात्रेची उष्टी पत्रावळ कोणाच्या हंड्याच्या दिशेने जाते हे भूगोलाच्या गुरुजींनी नकाशावर बोट ठेवून दाखविले, तेव्हा नागपूरला लेक दिलेल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

प्लास्टिकच्या ताटल्या आणि पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे सर्वांना ठाऊक होते. त्याऐवजी काय, हे सभेतल्या आजीबाईंना ठाऊक होते. पळसाची पत्रावळ! पण पळस चैत्रात आपल्या सोयीने चालत नाही. त्या सुमारास तो फुलून गेलेला असतो आणि नवी पाने कोवळी, लुसलुशीत असतात. पत्रावळीला लागतात ती रुंद, जून पाने. ती पावसाळा सरता सरता तोडून, बांबूच्या बारीक काड्यांनी टाचून, वाळवून, दडपणाखाली ठेवावी लागतात. म्हणजे चैत्राच्या उत्सवाची तयारी आश्विनातच केली पाहिजे. त्याप्रमाणे आश्विनातले दोन रविवार शाळेच्या ओसरीवर आजीबाईंचा वर्ग भरला. गणिताचे गुरुजी पहिल्या बाकावर होते. त्यांना पत्रावळीचा गोल काही केल्या साधेना, आणि आठवीची मुले त्यांना काडी कशी टोचावी हे दाखवीत होती. विज्ञानाच्या बाईंनी दोन पाने जमिनीत पुरून किती दिवसांत माती होतात ते पाहण्यास सांगितले आहे. पत्रावळ्यांचे गठ्ठे सध्या ग्रंथालयाच्या कपाटावर दगडांखाली दडपलेले आहेत.

निर्माल्याचा प्रश्न अर्धाच सुटला. झेंडूचे हार आणि पाने खड्ड्यात टाकून खत होते. नारळाच्या शेंड्यांना फार वेळ लागतो, आणि हारांतले प्लास्टिकचे दोरे निवडीत बसणे हे कंटाळवाणे काम आहे. नारळ-फुलांची दुकाने असलेल्या पालकांनी निदान आपल्या दुकानातले हार सुताच्या दोऱ्यात ओवण्याचे कबूल केले. शेजारच्या दुकानांविषयी त्यांनी शब्द दिला नाही. तो ते देऊही शकत नव्हते.

रोपे जुलैतच लागली. आज माघात ती गुडघ्याएवढी आहेत, आणि करंजाने सर्वांत जोर धरला आहे. उन्हाळ्याच्या पाळ्यांची यादी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावली आहे. मे महिन्याचे सगळे रकाने भरले. टँकर देऊ म्हणणाऱ्या पालकांनी पहिली पाळी घेतली आहे. अडला आहे तो फक्त जूनचा दुसरा आठवडा. मृग लागलेला असतो, पाऊस येईल किंवा येणारही नाही, आणि कपाशीची तयारी सोडून त्या दिवसांत गावातले कोणीही दुसऱ्या कामास हात लावीत नाही. दोन वेळा नाव लिहून ते खोडलेले दिसते. यादीशेजारी खिळ्याला दोऱ्याने एक पेन्सिल बांधून ठेवली आहे.