धुऱ्यावरची एका रात्रीची कैद

सोयाबीनला शेंगा धरल्या की निंदणाची घाई ओसरते आणि धुऱ्याकडे बघायला जरा सवड मिळते. आमचं शेत वाशीम जिल्ह्यात, रिसोडकडे, पैनगंगेच्या भारी काळ्या मातीत. धुऱ्यावर किडामारी जमिनीलगत पसरलेली असते. निळसर राखी झाक असलेली हृदयाकृती पानं चुरगळली की नको तो वास येतो, त्यामुळे ढोरं तिला तोंड लावत नाहीत. बैलाच्या जखमेत अळ्या पडल्या की काकू हिचाच पाला वाटून लावायची. हिला फूल येतं याकडे मात्र कुणाचं लक्ष नसायचं. बारावीला परागीभवन शिकवताना दरवेळी पुस्तकातलंच चित्र फळ्यावर काढायचा कंटाळा आला, म्हणून मी भिंग घेऊन धुऱ्यावर बसू लागले.

फूल पानाआडच असतं. बुडाशी फिकट गोल फुगवटा, त्यावर अरुंद नळी आणि टोकाला गर्द जांभळी, जवळजवळ काळी, लांबट जीभ. मी नुकत्याच उमललेल्या फुलांना पांढरा दोरा बांधून ठेवायचे. त्यातलं एक संध्याकाळी ब्लेडने उभं चिरलं. नळीत आतल्या बाजूला झुकलेले ताठ केस होते आणि फुगवट्यात चिमुकल्या माश्या जिवंत फिरत होत्या.

किडामारीच्या वंशातल्या फुलांची रीतच अशी. फूल उमलतं तेव्हा कुक्षी परागकण घ्यायला तयार असते, पण परागकोश अजून बंद असतात. वासाला भुलून माशी नळीत उतरते. केस आतल्या बाजूला झुकलेले, त्यामुळे जाताना अडत नाही, परतताना मात्र तेच आडवे येतात. आधीच्या फुलातून अंगावर आणलेले परागकण ती खाली धडपडताना कुक्षीला लावते. मग कुक्षीची वेळ संपते, कुक्षी ज्या खांबावर असते त्यालाच चिकटलेले सहा परागकोश फुटतात आणि कैद्याच्या अंगावर नवे परागकण पडतात. त्यानंतर केस सुकतात. दोरा बांधलेलं दुसरं फूल मी पुढच्या दिवशी चिरलं तेव्हा नळीतले केस आकसून भिंतीला लागले होते आणि फुगवटा रिकामा होता. मला सगळ्यात भावतो तो हा क्रम: दार उघडायचं, पण काम झाल्यावरच. आधी उघडलं असतं तर माशी रिकाम्या अंगाने गेली असती.

युरोपातल्या याच वंशाच्या एका जातीतला हा सापळा स्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने 1793 साली आपल्या पुस्तकात मांडला होता. त्या काळी पुस्तकाकडे फारसं कुणी वळलं नाही. डार्विनने पुढे त्याची थोरवी ओळखली. शाळामास्तरांचं असंच व्हायचं.

आणखी एक सांगायला हवं, कारण गावात जंतासाठी हिचा रस देतात. किडामारीच्या वंशातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करतं आणि कर्करोगही घडवतं. 1990च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांतून ते पोटात गेलं आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं गेली. लाल अंगाच्या क्रिमझन रोझ फुलपाखराच्या अळ्या मात्र हीच पानं खातात आणि ते विष अंगात साठवून पक्ष्यांपासून वाचतात. आमच्या घरी रस देणं मी बंद पाडलं. बैलाच्या जखमेवरून वाद अजून चालू आहे.

काकू एकदा विळा टेकवून शेजारी बसली.
"काय पाहून रायली व एवढं?"
मी चिरलेलं फूल दाखवून सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "मंग माशीले काय भेटते?"
मला उत्तर सुचेना. उंबरात शिरलेली चिमुकली गांधीलमाशी बहुधा आतच मरते, पण निदान तिच्या पिलांना तिथे घर मिळतं. या माशीला काय? रात्रीपुरता आडोसा, फार तर.
"काहीच नाही म्हण," मी म्हटलं. "वासाला फसते."
"अन् सुटल्यावर पुन्हा दुसऱ्यात शिरते?"
"शिरलीच पाहिजे, नाहीतर बी धरणार नाही."
काकूने पलीकडच्या वेलीवरचं वाळलेलं फळ तोडून दाखवलं. देठाकडून उकलून ते टांगलेल्या परडीसारखं लटकत होतं, आत चपट्या बिया. "शिरते तं," ती म्हणाली. "फसलेल्यांचंच पीक हाय हे." आणि धुऱ्यावरची किडामारी सोडून तिने पुढचं तण उपटायला घेतलं.